दुर्बिणीची विभेदनक्षमता: अर्ध्या मायक्रॉनचा हिशोब

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमच्याकडे ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (म्हणजे आरशापासून तेवढ्या अंतरावर प्रतिमा तयार करणारी) न्यूटन पद्धतीची दुर्बीण आहे. खोक्यावर '६७५ पट' असे छापलेले होते. सोबत आलेली ४ मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग लावून तुम्ही तो आकडा गाठलाही; पण शनी मोठा दिसण्याऐवजी एक मळकट, थरथरणारा पुंजका दिसला. त्यावर एका मित्राने सांगितले की तुमच्या दुर्बिणीचे 'रिझोल्यूशन' कमी पडते, आठ इंची घ्या म्हणजे दुप्पट दिसेल. तेव्हा हे रिझोल्यूशन, म्हणजे विभेदनक्षमता, नेमके काय असते, ते आरशाच्या व्यासावरच का अवलंबून असते आणि आठ इंची घेतल्यावर ते खरोखर दुप्पट होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली तीसहून अधिक वर्षे जोडताऱ्यांचे निरीक्षण करतो आहे आणि त्या ओघात काही आरसेही स्वतःच्या हाताने घासून तयार केले आहेत. विभेदन या गोष्टीशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट अशी की 'दिसणे' आणि 'सुटे दिसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विभेदनाचा संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे. आपल्याकडे लग्नानंतर नवरा-नवरीला सप्तर्षींमधली अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात आकाशात साधारण १२ कलांचे अंतर आहे. एका अंशाच्या ६० कला होतात आणि एका कलेच्या ६० विकला. चांगल्या नजरेच्या माणसाला एक कला अंतरावरच्या दोन गोष्टी जेमतेम सुट्या दिसतात आणि बहुतेकांना दोन-तीन कलांचे अंतर लागते, त्यामुळे १२ कलांवरची अरुंधती नुसत्या डोळ्यांना वेगळी दिसते. आता तुमची दुर्बीण वसिष्ठावर रोखा. वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. त्या दोघांतले अंतर सुमारे १४ विकला आहे आणि कमीत कमी विशालनाच्या नेत्रिकेतूनही ते दोन हिरकण्यांसारखे सुटे दिसतात. गॅलिलिओच्या काळातल्या लहानशा दुर्बिणींतूनसुद्धा १६१७ मध्ये हे दिसले होते. त्या दोघांपैकी जो अधिक तेजस्वी आहे तोही पुन्हा जोडतारा आहे. १८८९ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी त्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरावीक दिवसांनी दुभंगतात आणि पुन्हा एक होतात, यावरून हे ओळखले. साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे हे दोन तारे आपल्याला विकलेच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या अंतरावर दिसतात. त्यांचा प्रकाश तुमच्या डोळ्यांत दर रात्री पोहोचतो, म्हणजे ते 'दिसतात' तर खरेच. पण सुटे दिसत नाहीत. एकाच ठिपक्याची ही तीन पदरी उकल पाहिली की विभेदन म्हणजे काय ते कोणत्याही व्याख्येपेक्षा नीट कळते.

विकला केवढी असते याचा अंदाज हवा असेल तर दोन सेंटिमीटर रुंदीचे नाणे चार किलोमीटरवर कोणीतरी धरले आहे अशी कल्पना करा. ते तिथून जेवढे दिसेल तेवढी एक विकला. चंद्रावर एक विकला म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर.

आता '६७५ पट' या आकड्याकडे वळू. मुख्य आरसा आपल्या नाभीपाशी एक लहानशी प्रतिमा तयार करतो. त्या प्रतिमेत जेवढा तपशील आहे तेवढाच आहे. नेत्रिका हे फक्त ती प्रतिमा जवळून बघायचे भिंग आहे. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, शाईचे ठिपके मोठे होतात, तसाच हा प्रकार आहे. तुमच्या आरशाची मर्यादा साधारण एक विकला आहे (ती कशी, ते पुढे सांगतो). तिला २२८ पटींनी मोठे केले की ती जवळजवळ चार कलांची होते आणि तेवढे अंतर कोणत्याही डोळ्याला आरामात दिसते. म्हणूनच आरशाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट ही उपयुक्त विशालनाची वरची मर्यादा जुने निरीक्षक मानत आले आहेत. त्याच्या पलीकडे गेल्यावर तपशील वाढत नाही. प्रकाश पातळ होतो आणि हवेचा प्रत्येक हेलकावा मोठा होऊन दिसतो. खोक्यावर असा आकडा छापून नवख्या माणसाची पहिलीच रात्र निराशेची करणे मला अतिशय चुकीचे वाटते, कारण त्या निराशेपायी कित्येक चांगल्या दुर्बिणी माळ्यावर जाऊन पडतात.

त्या प्रतिमेत तारा कसा दिसतो ते एकदा मुद्दाम पाहा. हवा शांत असेल तेव्हा डोक्यावरचा एखादा मध्यम तेजाचा तारा दोनशे पटींत नीट केंद्रित करा. तो टाचणीच्या टोकासारखा दिसणार नाही. मधोमध एक लहानशी, कडेला विरत जाणारी तेजस्वी तबकडी दिसेल, तिच्याभोवती काळी जागा, मग एक नाजूक वर्तुळ आणि कधी त्याच्या बाहेर आणखी एक फिकट वर्तुळ. ही तबकडी म्हणजे ताऱ्याचा पृष्ठभाग नव्हे. तारा इतका दूर आहे की त्याची खरी तबकडी या दुर्बिणीला दिसूच शकत नाही. ही आकृती तुमच्या आरशाने, त्याच्या गोल कडेने घडवली आहे. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे कडेपाशी तो किंचित वळून पसरल्यामुळे, ती उमटते आणि तिचे गणित जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये मांडले, म्हणून तिला एअरी तबकडी म्हणतात. दोन तारे इतके जवळ असले की त्यांच्या तबकड्या एकमेकींत मिसळून जातात, तेव्हा विभेदन संपले.

मात्र ही तबकडी मोठ्या आरशात लहान का होते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच नीट लागत नाही. म्हणून इथे थोडे थांबतो.

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या लहरी जणू सपाट पत्र्यांसारख्या एकामागून एक येतात. अशा एका पत्र्याला तरंगाग्र म्हणतात. दुर्बीण ताऱ्याकडे अचूक रोखलेली असेल तर आरशाच्या डाव्या आणि उजव्या कडेला तरंगाग्र एकाच क्षणी पोहोचते. शेजारीच दुसरा तारा असेल तर त्याचे तरंगाग्र किंचित तिरके येते, म्हणजे एका कडेला आधी आणि दुसऱ्या कडेला नंतर. हा तिरकेपणा कडेपासून कडेपर्यंत साधारण एका तरंगलांबीएवढा झाला, तरच आरशाला त्या दोन दिशा वेगळ्या कळतात. हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. २०० मिलिमीटर रुंदीच्या आरशावर तरंगाग्र एका कडेला अर्ध्या मायक्रॉनने मागे पडले, तर तो तिरकेपणा ०.५७ विकला भरतो. आरसा निम्म्या रुंदीचा असेल तर तेवढाच अर्धा मायक्रॉन मिळवायला दुप्पट तिरकेपणा लागेल. रुंद आरसा सूक्ष्म कोन ओळखतो तो केवळ एवढ्यासाठी की त्याच्या दोन कडा एकमेकींपासून दूर आहेत. सुताराची लांब पट्टी फळीचा बाक लगेच दाखवते आणि वीतभर पट्टी तो दाखवत नाही, तसेच हे आहे.

दुर्बिणीची विभेदनक्षमता म्हणजे कडेपासून कडेपर्यंतचा अर्ध्या मायक्रॉनचा फरक ओळखण्याची तिची ताकद. ही ताकद वाढवणारे आणि बिघडवणारे सगळे काही याच एका वाक्यातून निघते.

आकड्यांची दोन सूत्रे प्रचलित आहेत. लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये असे ठरवले की एका ताऱ्याच्या तबकडीचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या वर्तुळावर पडला की ते दोन तारे सुटे झाले असे मानावे. मिलिमीटरमधल्या व्यासाने १३८ ला भागले की ही मर्यादा विकलांत मिळते. त्याआधीच विल्यम डॉज या इंग्रज निरीक्षकाने निरनिराळ्या दुर्बिणींतून असंख्य जोडतारे स्वतः पाहून व्यासाने ११६ ला भागण्याचा नियम दिला होता. रॅले यांचा नियम गणितातून आला आहे आणि डॉज यांचा डोळ्यांच्या अनुभवातून. सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी मी डॉज यांचाच नियम धरतो. तुमच्या ११४ मिलिमीटरसाठी तो १.०२ विकला येतो. आठ इंचीसाठी, म्हणजे २०३ मिलिमीटरसाठी, ०.५७. मित्राने सांगितलेली 'दुप्पट' प्रत्यक्षात पावणेदोन पट आहे आणि तीही कागदावर. प्रकाश मात्र तिपटीहून अधिक मिळेल.

कागदावरची मर्यादा प्रत्यक्षात का मिळत नाही, याचे पहिले कारण आरसा स्वतः. परावर्तनात पृष्ठभागावरची चूक दुप्पट होते, म्हणून तरंगाग्राची चूक पाव तरंगलांबीच्या आत ठेवायची तर काच तरंगलांबीच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रॉनपर्यंत अचूक घासावी लागते. २०० मिलिमीटर व्यास आणि १६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशात गोलाकार पृष्ठभाग आणि अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा पृष्ठभाग, यांच्यात कडेपाशी जेमतेम ०.४ मायक्रॉनचा फरक असतो. तो हाताने, डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड हे झिलईचे चूर्ण लावून काढता येतो आणि शेकडो हौशी लोकांनी तो काढला आहे, ही मला आजही फार मोठी गोष्ट वाटते. आरशाचा आकार सावल्यांवरून तपासणाऱ्या फूको चाचणीत आरसा स्टँडवर उभा असताना त्याच्या पृष्ठभागाला अंगठा मिनिटभर टेकवून पाहा. अंगठा काढल्यावर त्या जागी काच उबेने फुगून आलेली एक टेकडी सावलीसारखी स्पष्ट दिसते आणि थोड्या वेळाने हळूहळू मावळते. अंगठ्याच्या उबेने काच जेवढी हलते तेवढ्या मापावर हे सगळे काम चालते.

माझ्या पहिल्या, १५० मिलिमीटरच्या आरशाची कड मी घाईत जास्त घासली होती. स्वरमंडळातला एप्सायलन लायरी हा प्रसिद्ध 'जोडीची जोडी' तारा, ज्याच्या दोन्ही जोड्यांत सव्वादोन ते अडीच विकलांचे अंतर आहे, त्या आरशातून लांबट दिसायचा, फुटायचा नाही. नियमाप्रमाणे त्याने सहज फुटायला हवे होते. कित्येक रात्री मी हवेला दोष दिला. शेवटी काळ्या जाड कागदाचे एक कडे कापून आरशाची बाहेरची आठ मिलिमीटर कड झाकली. व्यास १३४ मिलिमीटरवर आला आणि त्याच रात्री चारही तारे, एक जोडी उभी आणि एक आडवी, मधल्या काळ्या फटीसकट दिसले. आरसा लहान केल्यावर विभेदन वाढले, कारण खोटे बोलणारी कड हिशोबातून बाहेर गेली होती. हबल दुर्बिणीची कथा याचीच मोठी आवृत्ती आहे. १९९० मध्ये अवकाशात गेलेला तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला केवळ २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता, कारण तपासणीच्या उपकरणातले एक भिंग सव्वा मिलिमीटरभर चुकीच्या जागी बसले होते. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीची प्रकाशिकी बसवली, तेव्हा कुठे तिला तिची विकलेच्या विसाव्या भागाची नजर मिळाली.

दुसरे कारण हवा, आणि आपल्यासारख्यांसाठी तेच सर्वांत मोठे आहे. तापमान एका अंशाने बदलले की हवेचा अपवर्तनांक, म्हणजे हवेत प्रकाश किती मंदावतो त्याचे माप, साधारण दशलक्षांश भागाने बदलतो. हा आकडा नगण्य वाटतो; पण अर्धा मीटर लांबीच्या हवेत एका अंशाचा फरक पडला की प्रकाशाच्या वाटेत अर्धा मायक्रॉन फरक पडतो, म्हणजे आपले अख्खे भांडवल तिथेच संपते. तुमच्या दुर्बिणीच्या नळीत प्रकाश जातानाचा आणि परत येतानाचा मिळून जवळजवळ पावणेदोन मीटर प्रवास करतो. घरातून काढून लगेच आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीचा आरसा बाहेरच्या हवेपेक्षा पाच-सहा अंश गरम असतो आणि त्यावरून उबेच्या वाफा नळीतून वर चढत राहतात. त्या अवस्थेत शनी चांगला दिसणे शक्यच नाही. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर ठेवा आणि निदान तासभर तिला निवू द्या. आपल्याकडे बहुतेक जण गच्चीवरून पाहतात, पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उष्णता सोडत राहतो. गवत किंवा माती असलेले अंगण मिळाले तर गच्ची सोडा. शेजारच्या घराच्या पत्र्यावरून किंवा एसीच्या बाहेरच्या पेटीवरून नजर जात असेल, तर ती जागा टाळा.

त्याच्या वर वातावरण आहे. त्यातल्या निरनिराळ्या तापमानाच्या हवेच्या भोवऱ्यांमुळे तरंगाग्र चुरगळते. याला निरीक्षक 'सीइंग' म्हणतात. ताऱ्याची प्रतिमा एक विकलेची ठेवणारी हवा असेल, तर सुमारे ११ सेंटिमीटर रुंदीचा तरंगाग्राचा तुकडा एकसंध, सपाट असतो. दोन विकलांच्या हवेत तो साडेपाच सेंटिमीटरवर येतो. तुमचा आरसा ११.४ सेंटिमीटरचा आहे, हे इथे ध्यानात घ्या. चांगल्या रात्री तो अख्खा एकाच तुकड्याखाली बसतो, म्हणून प्रतिमा हलते, पण फाटत नाही. आठ इंचीवर त्याच क्षणी तीन-चार तुकडे असतात आणि प्रतिमा उकळल्यासारखी दिसते. म्हणून साध्या रात्री मोठी दुर्बीण लहान दुर्बिणीपेक्षा फारसे अधिक सुटे दाखवत नाही. तिचा फायदा त्या दोन-चार सेकंदांच्या शांत क्षणांत असतो, जेव्हा सगळे तुकडे जुळून येतात. जुळून आले की कळते. नजर तिथे धरून बसावे लागते.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यातच उदाहरण आहे. घोडेगावजवळ गिरावली इथे आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिची कागदावरची मर्यादा ०.०७ विकला आहे, पण तिथल्या साध्या निरीक्षणात ताऱ्याची प्रतिमा एका विकलेहून लहान मिळणे विरळाच. विभेदनाच्या दृष्टीने ती बहुतेक रात्री एखाद्या चांगल्या सहा इंची दुर्बिणीच्या पंगतीत बसते. तिचे मोल प्रकाश गोळा करण्यात आहे. अत्यंत मंद ताऱ्यांचा वर्णपट घ्यायला तो लागतो. हवेवर मात करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हवा सोडून वर जाणे, जसे लडाखमधल्या हानले इथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे किंवा हबल अवकाशातच आहे. दुसरा म्हणजे चुरगळलेले तरंगाग्र सेकंदाला शेकडो वेळा मोजून, लवचिक आरशाने ते पुन्हा सपाट करणे. या अनुकूली प्रकाशिकीची रोबो-एओ नावाची यंत्रणा अमेरिकेतली कॅलटेक ही संस्था आणि आयुका यांनी मिळून उभारली आणि ती कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर चालवून दाखवली. अर्ध्या मायक्रॉनचा तोच हिशोब, फक्त तो यंत्राने सतत जुळवत राहायचा.

तरंगलांबी बदलली की सगळा हिशोब त्याच प्रमाणात बदलतो. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे, हबलच्या पावणेतीन पट. तरी २ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात तिचे विभेदन विकलेच्या सुमारे ०.०७ इतकेच आहे, म्हणजे हबलच्या दृश्य प्रकाशातल्या विभेदनाहून सरस नाही. रुंदी वाढली, पण लहरही लांबली.

रेडिओ लहरींत ही गोष्ट टोकाला जाते. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत खोडदला गेलात की जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ताटल्या दिसतात. जवळून पाहिल्यावर लक्षात येते की त्यांना पत्रा नाही, तारेची जाळी आहे आणि तिच्यातून आरपार आकाश दिसते. हाही आरसाच आहे. पृष्ठभागाची चूक तरंगलांबीच्या लहानशा अंशात राहिली पाहिजे, हाच आपला नियम. इथे तरंगलांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत आहे, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरची जाळी त्या लहरींना गुळगुळीत आरशासारखी वाटते. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळी दोरांवर ताणून बसवण्याची रचना केली. त्यामुळे वाऱ्याचा दाब कमी झाला आणि खर्चही आवाक्यात राहिला. पण ४५ मीटर ताटली आणि २१ सेंटिमीटरची लहर असा हिशोब केला की एका ताटलीचे विभेदन सुमारे २० कला येते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश. नुसत्या डोळ्याहूनही कितीतरी वाईट.

उपाय पुन्हा तोच, कडा दूर नेणे. तरंगाग्राचा तिरकेपणा ओळखायला कडाच लागत असतील, तर मधला आरसा नसला तरी चालेल. जीएमआरटीच्या ३० ताटल्यांपैकी १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन ताटल्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. प्रत्येकीने टिपलेली लहर प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणून, एकीच्या मागे दुसरी किती राहिली ते जोडीजोडीने जुळवले जाते. ३० ताटल्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडीची आकाशाच्या संदर्भातली दिशा आणि लांबी बदलत जाते, म्हणून काही तासांत २५ किलोमीटर रुंदीच्या आरशाचे बरेचसे काम होते. २१ सेंटिमीटरला विभेदन सुमारे दोन विकलांवर येते. प्रकाश गोळा करण्याची ताकद मात्र ३० ताटल्यांच्या क्षेत्रफळाएवढीच राहते, हे विसरू नये. विभेदन कडांच्या अंतरातून येते आणि प्रकाश क्षेत्रफळातून. आरशात या दोन गोष्टी एकत्र असतात म्हणून आपली गल्लत होते. या पद्धतीचे टोक म्हणजे १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या सावलीचे चित्र. जगभर विखुरलेल्या दुर्बिणी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर एकत्र जुळवून, जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाएवढ्या अंतरातून विकलेच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाचे विभेदन त्यात मिळवले होते. दृश्य प्रकाशातही कडा दूर नेता येतात: अल्बर्ट मायकेल्सन आणि फ्रान्सिस पीज यांनी १९२० मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फूट लांबीची तुळई बसवून काक्षी ताऱ्याचा व्यास ०.०४७ विकला मोजला. वर सांगितलेला वसिष्ठाचा तेजस्वी जोडीदारही अशाच, दूरदूरच्या कडांवरचा प्रकाश एकत्र जुळवणाऱ्या उपकरणाने, म्हणजे व्यतिकरणमापकाने, सुटा झाला.

आता तुमच्या शनीकडे परत येतो, कारण वरचे नियम दोन सारख्या तेजाच्या ठिपक्यांसाठी आहेत आणि ग्रह ठिपक्यांचे बनलेले नसतात. शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट पृथ्वीवरून सुमारे पाऊण विकला रुंद दिसते. तुमच्या दुर्बिणीची मर्यादा त्याहून मोठी आहे, तरी ती फट साठ-सत्तर मिलिमीटरच्या चांगल्या भिंगातूनही दिसते. दोनशे मीटरवरची विजेची तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपल्याला दिसते, वास्तविक तिची जाडी डोळ्याच्या मर्यादेच्या दहाव्या भागाएवढीही नसते, तसेच हे. लांबट गोष्टीचा परिणाम तिच्या लांबीभर साठत जातो. म्हणून ती दिसते, पण तिची खरी रुंदी कळत नाही. उलट प्रकारही होतो. व्याधाचा जोडीदार सध्या त्याच्यापासून सुमारे ११ विकला दूर आहे, कागदावर तुमच्या दुर्बिणीला अतिशय सोपा. पण तो व्याधाहून जवळजवळ दहा हजारपट मंद आहे आणि व्याधाच्या वर्तुळांच्या झगमगाटात हरवतो. १८६२ मध्ये तो सापडला तोही एका नव्या साडेअठरा इंची भिंगाची चाचणी घेताना. ज्येष्ठेचा जोडीदार पावणेतीन विकलांवर आहे आणि तोही याच कारणाने अवघड आहे.

आपल्याला एक फायदा आहे, तोही सांगून ठेवतो. महाराष्ट्रातून गुरू, शनी, मंगळ आकाशात खूप उंच, बऱ्याचदा डोक्याच्या आसपास येतात. उत्तर युरोपातल्या निरीक्षकाला ते कित्येकदा क्षितिजाजवळच्या जाड, थरथरत्या हवेतून पाहावे लागतात. म्हणून ग्रह उगवल्याबरोबर पाहू नका, तो माथ्याजवळ येईपर्यंत थांबा. माझ्या वह्यांत सर्वांत चांगल्या रात्रींच्या नोंदी अशा आहेत की आकाश किंचित धूसर होते, वारा पडलेला होता आणि तारे लुकलुकत नव्हते. पावसानंतरच्या लखलखीत, वाऱ्याच्या रात्री दीर्घिकांसाठी उत्तम, पण जोडताऱ्यांसाठी बहुधा वाया जातात.

कॅमेरा लावणार असाल तर एवढेच: एका पिक्सेलच्या वाट्याला किती विकला येतात ते काढा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन २०६ ने गुणा आणि नाभीय अंतराने मिलिमीटरमध्ये भागा. तुमच्या ९०० मिलिमीटरला ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल ०.८६ विकला देतो; तेजोमेघ, तारकागुच्छ यांच्या दीर्घ छायाचित्रांसाठी ते पुरेसे आहे. ग्रहांसाठी बार्लो लावून तो आकडा ०.३ पर्यंत आणा, काही हजार चित्रांची लहानशी फिल्म घ्या आणि त्यातली शांत क्षणांची चित्रेच निवडून एकत्र करा. त्या बार्लोचा खरा उपयोग तोच आहे.

आठ इंची घ्यावी का? प्रकाशासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. शनी स्वच्छ दिसत नाही म्हणून घेणार असाल, तर आधी हीच दुर्बीण तासभर निववा, आरशांची रेषा जुळवा, नऊ आणि सहा मिलिमीटरच्या नेत्रिकांनी शंभर ते दीडशे पटींत पाहा आणि एका जागी अर्धा तास बसा. दुर्बीण तपासायला मी पोरिमा सुचवीन, कन्या राशीत चित्रेच्या वायव्येला असलेला जोडतारा. १६९ वर्षांत एक फेरी घेणारे, अगदी सारख्या तेजाचे हे दोन पिवळसर तारे २००५ मध्ये अवघ्या ०.४ विकलेवर आले होते. त्या वर्षी माझ्या आठ इंचीतून मला एकच तारा दिसला, तो कोणत्या बाजूला लांबट आहे तेवढेच शांत क्षणी कळायचे. पुढे दर वर्षी चैत्र-वैशाखात मी त्याच दुर्बिणीतून पाहत गेलो. आधी मध्ये चिमटा पडला, मग केसाएवढी फट आली, मग स्वच्छ काळी जागा. आता ते तीन विकलांच्या पलीकडे गेले आहेत. तुमच्या ११४ मिलिमीटरमधून, दीडशे पटींत, ते दोन सारखे दिवे शेजारी शेजारी आणि मध्ये काळोख असे दिसले, तर तुमच्या आरशात मोठा दोष नाही. न दिसले तर हवेला दोष देण्यापूर्वी कागदाचे कडे कापून आरशाची कड झाकून पाहा.